ओला दोर आणि साडेतीन किलो

जरा थांबा. पाय ठेवलात ना, आता हलू नका. दांडी वरखाली होतेय ती होऊ द्या. घाई केली की आकडा चुकतो आणि नाव माझं खराब होतं. हां, टेकली. आता बोलू.

मी या दोर-खिळ्यांच्या दुकानातला लोखंडी वजनकाटा. दुकानात मला ‘थोरला’ म्हणतात, कारण काचेच्या कपाटावर माझा एक धाकटा भाऊ बसलेला असतो, विजेवर चालणारा. त्याचे आकडे लाल दिव्यांत लुकलुकतात, ग्रॅमग्रॅमचा हिशेब सांगतात, आणि तीस किलोच्या वर काही ठेवलं की त्याची बोबडी वळते. मी दोनशे किलो झेलतो आणि वीज मागत नाही. पण आजकाल लुकलुकणाऱ्यालाच मान. असो.

मला एक गोष्ट सांगायची आहे. तिचा शेवट गोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे मालक म्हणतात, गिऱ्हाइकाला उगाच धाकात ठेवू नये.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. पाया ओतीव लोखंडाचा, दांडी पितळेची, दांडीवर खुणा आणि त्या खुणांवरून सरकणारं मुठीएवढं एक वजन. एवढाच माझा संसार. मी तयार झालो त्या दिवशी तिथला मुकादम जेवायला जाण्याआधी माझ्यावर उभा राहिला आणि जेवून आल्यावर पुन्हा उभा राहिला. “सव्वा किलो,” पोटावरून हात फिरवत तो म्हणाला, “काटा चोख आहे.” तेव्हापासून माणसाच्या पोटातलं माझ्यापासून लपत नाही.

मालकांनी दुकान उघडलं तेव्हा मला हातगाडीवरून आणलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत मी खिळे तोलले, साखळ्या तोलल्या, तारेची भेंडोळी तोलली, आणि माणसं तर किती तोलली त्याला गणती नाही. माणूस दोर घ्यायला येतो आणि जाताजाता माझ्यावर चढतो. चपला काढतो, खिशातल्या किल्ल्या काढतो, एक गृहस्थ तर चष्मा काढायचे. श्वास रोखून धरतात, जसं काही वारा वजन वाढवतो. आकडा कमी आला की म्हणतात, काटा छान आहे. जास्त आला की म्हणतात, काटा बिघडलाय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मालक शाळेत फार दिवस टिकले नाहीत. जे शिकले ते मालाकडून शिकले. त्यांची एक गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे, तुम्ही एकदा ऐका. दुकान नवीन असताना एक गोडबोल्या व्यापारी दोराची भेंडोळी घेऊन आला. प्रत्येक भेंडोळं वीस किलोचं असायला हवं, माझ्यावर बावीस भरलं. व्यापारी हात चोळत म्हणाला, “तुमच्यासाठी झुकतं माप आणलंय.” मालकांनी भेंडोळ्याच्या मधला पदर ओढून काढला आणि गालाला लावला. गार. दोराला पाणी पाजलेलं. “पाहुणे,” मालक म्हणाले, “दोर वाढत नसतो, दोर पितो. आठ दिवस उन्हात ठेवतो, मग जे भरेल ते तुमचं.” पाहुण्यांनी माल उचलला तो पुन्हा काही दिसले नाहीत. तेव्हापासून मालकांचा तो मंत्रच झाला. वजन अचानक चढलं की समजावं, आत पाणी आहे.

हा मंत्र लक्षात ठेवा. कारण ज्या दिवशी तो खरा कामी यायला हवा होता, त्या दिवशी मंत्रवालेच तो विसरले.

सूनबाई या घरात आली तेव्हा मालकांना वाटलं होतं, ही कशाची दुकानात बसतेय. सहा महिन्यांत ती दुकान चालवायला लागली. साखळी जमिनीवर टाकली की आवाजावरून जाडी सांगायची. माझी दांडी चार पावलांवरून वाचायची. घर दुकानाच्या मागेच, मधे एक दार. त्या दारातून सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, “हिचं दुकानाशी लग्न लागलंय, माझ्या मुलाचं नुसतं नाव.”

तिला दिवस गेले तेव्हा मालकांनी एक पद्धत सुरू केली. दर सोमवारी दुकान उघडलं की पहिलं वजन सूनबाईचं. “आठवड्याची बोहनी,” ते म्हणायचे. आकडा खडूने लाकडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायचा. आठवड्याला अर्धा किलो, कधी त्याहून थोडं कमी. मालक ते आकडे बघून असे खूश व्हायचे जसं काही बाळ तेच वाढवताहेत.

आठवा महिना लागून थोडे दिवस झाले होते. सोमवार सकाळ. सूनबाई माझ्यावर उभी राहिली, वाकून वजन सरकवलं आणि सरकवतच राहिली.

“अडुसष्ट,” ती म्हणाली.

मालकांनी चष्मा पुसला. कपाटाच्या दारावर मागल्या सोमवारचे साडेचौसष्ट होते.

“उतर. पुन्हा चढ.”

पुन्हा अडुसष्ट.

“चपला काढल्यास?”

“काढल्या, बाबा. तशाही त्या माझ्या नाहीत. माझ्या होईनात म्हणून यांच्या घालून आलेय.”

मालक हसले आणि त्यांनी मला थोपटलं. थोपटलं कसलं, कानशिलात दिल्यासारखंच ते. “थोरला म्हातारा झाला गं. आठ दिवसांत साडेतीन किलो? एवढं तर खाटकाचा बोकडसुद्धा वाढत नाही.”

“बोकड कुणाला म्हणता?” दारातून सासूबाई आल्या. “वाढू दे की. शेवटी शेवटी बाळ भराभर अंग धरतं. आणि पायांचं म्हणाल तर माझेही सुजायचे. सगळ्यांचेच सुजतात.”

“तसं नव्हे. काट्याची तपासणीही जवळ आलीच आहे. ग्रॅमकाकांना बोलावून घेतो.”

ग्रॅमकाका म्हणजे गावातले काटे दुरुस्त करणारे म्हातारे. एका ग्रॅमचाही फरक खपवून घेत नाहीत म्हणून हे नाव. त्यांनी फोनवर सांगितलं, बुधवारी येतो. मालकांनी खडूने अडुसष्ट लिहिलं, त्यावर फुली मारली आणि माझ्यावर एक गोणपाट टाकलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात, ती मी त्या दिवशी अनुभवली. इतकी वर्षं खरं बोललो. एकदाच कुणाला न आवडेल असं खरं बोललो तर गोणपाटाखाली.

गोणपाटाला भोकं असतात. मंगळवारी मी त्यातून पाहत होतो. सूनबाईच्या बोटातली अंगठी रुतून बसली होती. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी तिच्या नवऱ्याने बारीक दोरा घेतला, बोटाला एकाला एक लागून वेढे दिले आणि वेढे सोडवतसोडवत अंगठी वर आणली. दोराचं दुकान, आम्हाला ही युक्ती घरचीच. दोघं हसले. मग ती हसताहसता थांबली आणि तिने कपाळ दाबलं.

“काय झालं?”

“काही नाही. कालपासून डोकं जड आहे. उन्हाचं असेल.”

“आज कुठे ऊन आहे?”

“मग उन्हाच्या आठवणीचं असेल. जा तू, तारेची गाडी यायची आहे.”

दुपारी तिने एका गिऱ्हाइकाला खिळे ओतून दिले तर निम्मे तागडीत आणि निम्मे जमिनीवर. कधी न होणारी गोष्ट. ती वर बघत म्हणाली, “आई, हा दिवा लुकलुकतोय का?”

“नाही तर. सरळ तर जळतोय.”

धाकट्याला वाटलं त्याच्याविषयी बोलताहेत, तो आणखी जोरात लुकलुकला. मला मात्र बरं वाटेना. पण काट्याला तोंड कुठे असतं? जे सांगायचं ते आकड्यांत, आणि आकडा मी सोमवारीच सांगून बसलो होतो.

तसं घरच्यांना दोष देऊन चालणार नाही. दोन आठवड्यांपूर्वीच ती दवाखान्यात जाऊन आली होती. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला होता, सगळं उत्तम होतं. पुढची तारीख शनिवारची. मधल्या दिवसांत काही होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

बुधवारी अकराच्या सुमारास ग्रॅमकाका आले. गोणपाट झटकलं, माझ्या पोटातल्या, दांडी ज्यांवर डोलते त्या पोलादी धारा फडक्याने पुसल्या, फुंकर मारली आणि पेटीतली तपासणीची वजनं एकेक करून ठेवली. वीस. चाळीस. साठ.

“साठ,” ते म्हणाले. “केसाचाही फरक नाही.”

“नीट बघा, ग्रॅमकाका. सूनबाई आठ दिवसांत साडेतीन किलो वाढली असं सांगतोय.”

“मग वाढली असेल.”

“अहो, शक्य आहे का ते?”

ग्रॅमकाकांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. “मालक, चाळीस वर्षं काटे दुरुस्त करतोय. दहा दुकानांत बोलावतात, त्यातल्या आठ ठिकाणी काटा बरोबर असतो. लोकांना आकडा आवडत नाही, म्हणून माझी फेरी. काटा तपासून झाला. आता जिचं वजन केलंत तिला तपासा.”

मालकांचा हात सवयीप्रमाणे शेजारच्या दोराच्या भेंडोळ्यावर होता. तो हात आधी थांबला, मग भेंडोळ्यात शिरला, मग त्यांनी तो सावकाश बाहेर काढून स्वतःच्या गालाला लावला. दोर कोरडा होता. मालक साखळ्या मोजत उभ्या असलेल्या सूनबाई आणि मुलाकडे वळले.

“सूनबाई, सकाळी उठल्यावर तोंड कसं असतं तुझं?”

“सुजलेलं,” तिच्याऐवजी नवराच बोलला. “डोळे तर उघडत नाहीत. मी चिडवत होतो तिला.”

मालकांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. “अगं, जरा बाहेर ये. हिच्या नडगीवर अंगठा दाब. जोरात. आता काढ.”

सासूबाई खाली बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. अंगठा काढला तरी खड्डा तिथेच होता. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा.

“ही वाढलेली नाही,” मालक म्हणाले. “हिनं पाणी धरलंय.”

“बाबा, शनिवारी जायचंच आहे की. आज ती साखळीची मोठी मागणी पाठवायची आहे.”

“साखळी लोखंडाची आहे, ती थांबेल. ओला दोर शनिवारपर्यंत ठेवला तर कुजतो.”

“म्हणजे मी दोर झाले,” ती हसायला गेली. पण तिचा हात उजव्या बरगडीखाली गेला आणि हसणं अर्ध्यावर राहिलं. “इथे दुखतंय जरा. सकाळपासून.”

त्यानंतर दहा मिनिटंही गेली नसतील. मुलाने माल वाहायचा टेम्पो काढला, सासूबाईंनी पुढच्या सीटवर उशी ठेवली, मालक दुकानाला कुलूप शोधत होते आणि कुलपंही विकणाऱ्या दुकानात त्यांना कुलूप सापडत नव्हतं. ग्रॅमकाकांनी त्यांना खांद्याला धरून बाहेर काढलं. “जा तुम्ही. दुकान मी बघतो.”

बघितलं त्यांनी. एका गिऱ्हाइकाने पाच किलो दोर मागितला, तर काकांनी तोलून वर आलेला वीतभर तुकडा कात्रीने कापून बाजूला ठेवला.

“मालक झुकतं माप देतात,” गिऱ्हाईक म्हणालं.

“मालक देतात. मी बरोबर देतो.”

पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं. माझंही. चारच्या सुमारास तो वाजला. मुलगा इतक्या मोठ्याने बोलत होता की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

“काका, प्रेशर एकशे सत्तर आहे. खालचं एकशे दहा. लघवीतून प्रोटीन जातंय.”

“किती हवं होतं?”

“एकशे वीसच्या आसपास.”

“म्हणजे पन्नासची चूक. यंत्राची नाही ना? दुसऱ्यावर मोजा म्हणावं.”

“तीनदा मोजलं, काका. दोन वेगळ्या यंत्रांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबला असतात तर हिला झटके आले असते. दोघांच्याही जिवावर बेतलं असतं.”

ग्रॅमकाकांनी फोन ठेवला. बराच वेळ ते माझ्या दांडीवरून फडकं फिरवत राहिले, जिथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

गुरुवारी सकाळी मालक आले. दाढी वाढलेली, बटणं वरखाली लावलेली. त्यांनी अर्धंच दुकान उघडलं आणि माझ्यावर येऊन बसले. काट्यावर कुणी बसलं तर हेच मालक ओरडायचे, काटा काय ओटा आहे का म्हणून. आज स्वतः बसले. केवढं ओझं घेऊन आला होता तो माणूस, पण माझ्यावर एकाहत्तरच भरले. काही ओझी माझ्या दांडीवर उमटत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

“दोन दिवस,” ते हळूच म्हणाले. “दोन दिवस तुझ्यावर ढकललं मी.”

मग एकेक गिऱ्हाईक विचारायला लागलं तसं मला सगळं कळत गेलं. या दुखण्याचं नाव प्रीएक्लाम्पसिया. मालकांना ते काही उच्चारता येईना, ते म्हणायचे, “ते लांबलचक नावाचं दुखणं.” गरोदरपणी बाळाला पोसणारी वार नीट रुजली नाही की पुढे असं होतं, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं, यकृत, मेंदू, सगळ्यांवर ताण येतो. मूल आणि वार बाहेर येणं हाच त्यावरचा उपाय. पण चौतीस आठवडेही पुरे नव्हते, म्हणून डॉक्टर दोन दिवस काढत होते. बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून सूनबाईला सुया, आणि झटके येऊ नयेत म्हणून सलाईनमधून एक औषध. ते आत शिरताना अंगाची भट्टी होते म्हणे. सूनबाईने नर्सला सांगितलं होतं, “आमच्याकडे लोखंड विकतात, ओतत नाहीत.” हे सांगताना मालक हसले आणि लगेच नाक पुसायला लागले.

“तिचं एकच चाललंय,” ते पुढे म्हणाले. “मी फार उभी राहिले का, मी साखळी उचलली का, माझंच काही चुकलं का. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, तुझ्या कुठल्याही वागण्याने हे झालेलं नाही. पण मनातून जाईल तेव्हा खरं.”

शुक्रवारी दुपारी बाराला फोन आला. मालकांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

“मुलगी? बरं. आणि ती? आमची ती?”

मग ते नुसतं ऐकत राहिले. हुं, हुं, करत राहिले. फोन ठेवला तेव्हा दुकानात ग्रॅमकाका होते, सकाळपासून काहीही काम नसताना आलेले.

“दोघी आहेत,” मालक म्हणाले. “दोघी आहेत, काका. मुलगी एक किलो नऊशे.”

ग्रॅमकाकांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, मला जीव नसताना.

मालक काचेच्या कपाटाकडे वळले. मग त्यांनी कागदाची पिशवी घेतली, धाकट्या काट्यावर ठेवली आणि त्यात दोन इंची खिळे टाकायला लागले. आकडे चढत गेले. एकोणीसशेला ते थांबले. एक खिळा जास्त झाला होता, तो ग्रॅमकाकांनी काढला. मालकांनी ती पिशवी उचलली आणि दोन्ही तळहातांवर धरली.

“एवढंच?” ते म्हणाले.

“एवढं आहे,” ग्रॅमकाका म्हणाले. “नुसतं ‘च’ काढा.”

ती पिशवी मालकांनी दुमडून, सुतळीने बांधून माझ्या डोक्यावरच्या फळीवर ठेवली. कुणी दोन इंची खिळे मागितले तरी तिला हात लावायचा नाही असं सांगून.

बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. सूनबाई सहाव्या दिवशी घरी आली आणि आल्याआल्या दुकानात. सासूबाई मागून ओरडताहेत, अगं टाके आहेत, आणि ही माझ्यावर चढलेली. साठ.

“बाबा, अडुसष्टावरची फुली पुसा,” ती म्हणाली. “तो आकडा खरा होता.”

मालकांनी ओल्या फडक्याने फुली पुसली. शेजारी साठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी साडेएकोणसाठ. पाणी उतरत होतं. उन्हात टाकलेल्या दोरासारखी ती दिवसादिवसाला हलकी होत होती, चेहऱ्याची हाडं दिसायला लागली होती, स्वतःच्या चपला पायांत येत होत्या. रोज दवाखान्यात जाऊन बाळाला दूध देऊन यायची आणि सांगायची, आज इतके ग्रॅम. घरात सगळ्यांना वाटलं, झालं, मूल बाहेर आलं, दुखणं गेलं.

पण या दुखण्याची एक खोड आहे. बाळंतपणानंतरही ते दारामागे उभं राहतं. घरी आल्याच्या तिसऱ्या सकाळी ती माझ्यावर उभी राहिली. साठ. अर्धा किलो चढलेला. ती क्षणभर थांबली. मी म्हटलं, आता ही म्हणणार, थोरला बिघडला.

“आई,” तिने हाक मारली, “थोरला अर्धा किलो जास्त सांगतोय. आणि पहाटेपासून डोकं ठणकतंय.”

ज्या सासूबाई म्हणायच्या सगळ्यांचेच पाय सुजतात, त्यांनी तिचं वाक्य संपायच्या आत पायात चपला घातल्या होत्या. “उन्हाचं असेल म्हणू नकोस. चल.”

“मी कुठे म्हणतेय? मीच तर सांगितलं.”

“शहाणी माझी. चल तरी.”

दवाखान्यात एकशे साठ निघालं. गोळ्या वाढवल्या, दोन दिवस ठेवून घेतलं, बाळाच्या खोलीला लागूनच, त्यामुळे तिला ते बरंच वाटलं. मग घरी रक्तदाबाचं एक छोटं यंत्र आलं. सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा, आणि आकडा वहीत. हळूहळू एकशे चाळीस, एकशे तीस. गोळ्या अर्ध्या झाल्या, मग पाव झाल्या. एकदा मी तिला ऐकलं, रिकाम्या दुकानात स्वतःशीच बोलताना. “तेव्हा नाही घाबरले,” ती म्हणत होती, “आता घाबरतेय.” सासूबाई दारातच होत्या. त्या आत आल्या नाहीत, समजुतीचं काही बोलल्या नाहीत. तिच्याशेजारी पोत्यावर येऊन बसल्या आणि दोघींनी मिळून एक गुंतलेला दोर सोडवला. पाऊण तास लागला. गाठ सुटली तेव्हा सूनबाई म्हणाली, “भूक लागली.”

बाळ तीन आठवड्यांनी घरी आलं, आणि दहाव्या आठवड्यात दुकानात. त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी सूनबाईची शेवटची गोळी बंद केली होती. एकशे अठरा, खाली शहात्तर. एवढंच बजावलं की वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा, आणि पुन्हा दिवस गेले तर पहिल्या महिन्यातच येऊन हे सगळं सांगायचं, म्हणजे आधीपासून काळजी घेता येते.

मालकांनी ग्रॅमकाकांना खास बोलावलं होतं. आधी बाळाला धाकट्यावर ठेवलं. बाळ हातपाय झाडतंय आणि धाकट्याचे आकडे पळताहेत, तीन हजार, चार हजार, दोन हजार आठशे. शेवटी तो सगळे शून्य दाखवून गप्प झाला. मला हसू आलं, पण भाऊ आहे, जास्त बोलत नाही.

“थोरल्यावर घ्या,” ग्रॅमकाका म्हणाले. “भरलेलं पोतं वजा रिकामं पोतं.”

“काका, मी पोतं का?” सूनबाई म्हणाली.

“आधी दोर होतीस. बढतीच आहे.”

ती बाळाला घेऊन माझ्यावर उभी राहिली. एकसष्ट. मग तिने बाळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि पुन्हा उभी राहिली. साडेसत्तावन्न. मालकांनी कपाटाचं दार उघडलं, खडू घेतला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“साडेतीन,” ते म्हणाले.

सगळ्यांची नजर त्या दारावर, साडेचौसष्ट आणि अडुसष्ट यांच्या मधल्या जागेवर गेली. आठ दिवसांत चढलेले ते साडेतीन किलो, जे माझ्या माथी मारले होते. आणि हे साडेतीन किलो, आत्ता आजीचा पदर मुठीत धरलेले. आकडा तोच, माल वेगळा.

मालकांनी फळीवरची पिशवी काढली. सुतळी सोडली आणि एकोणीसशे ग्रॅम खिळे पुन्हा दोन इंचीच्या खोक्यात ओतून टाकले. इतर खिळ्यांत ते मिसळून गेले, कोणते ते आता मलाही सांगता यायचं नाही. संध्याकाळपर्यंत त्यातले अर्धे विकले गेले.

त्या वर्षी माझ्यावर व्यापारासाठी लागणारा सरकारी तपासणीचा शिक्का मालकांनी मारून घेतला नाही. म्हणाले, थोरल्याने आता माणसंच तोलायची. मला दाराशी आणून ठेवलं. दिवस गेलेली कुणी दुकानासमोरून जाताना दिसली की मालक बोलावतात, “ताई, जरा उभ्या राहा. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे चमकतं का? बरगडीखाली?” सूनबाई आतून ओरडते, “बाबा, त्या दोर घ्यायला आल्यात.” पण मालक ऐकत नाहीत. सगळं ठीक असलं तरी शेवटी म्हणतातच, “हा फक्त पाणी ओळखतो, तेही कधीकधी. खरं काय ते दंडाचा पट्टा सांगेल. तारीख चुकवू नका. आणि काही वाटलं तर तारखेची वाट बघू नका.” ते बरोबर सांगतात. कित्येकींचा पाय सुजत नाही, वजन चढत नाही, आणि तरी ते दुखणं आत बसलेलं असतं. माझा फार भरवसा धरू नका. पण मी काही सांगितलंच तर कृपा करून माझ्यावर गोणपाट टाकू नका.

मुलगी आता माझ्यावर स्वतःच्या पायांनी चढते. चढते आणि नाचते. दांडी खाली-वर, खाली-वर. तिचं वजन मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. एकतीस वर्षं ज्याने केसाचा फरक चुकू दिला नाही, तो मी रोज सकाळी चुकतो, आणि दुकानात कुणीही ग्रॅमकाकांना बोलवत नाही.

बरं, तुमचं वजन झालं. उतरा सावकाश. चपला विसरू नका.